फोनची होम स्क्रीन: कोणती मांडणी कोणासाठी, आणि ती लावायची कशी

दुकानातून आणलेल्या फोनची होम स्क्रीन कंपनीने तिच्या सोयीने लावलेली असते. बहुतेक जण ती तशीच ठेवतात आणि फोन बदलेपर्यंत रोज शोधाशोध करत राहतात. घरातल्या आणि सोसायटीतल्या मंडळींचे फोन लावून द्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे येतं, त्यामुळे लोक नेमके कुठे अडतात हे मला जवळून बघायला मिळालं आहे. कुणाला क्यूआर स्कॅन करायचं ॲप सापडत नाही, कुणाचं व्हॉट्सॲप 'गायब' झालेलं असतं, कुणाच्या स्क्रीनवर आपोआप नवनवे आयकॉन येत राहतात. या सगळ्यावर तासाभरात उपाय होतो. फक्त आधी आपल्याला कोणत्या पद्धतीची होम स्क्रीन हवी ते ठरवायला हवं.

मी एकच कसोटी लावतो: रोज लागणारी वस्तू न बघता हाताला सापडली पाहिजे. दिसायला देखणी स्क्रीन त्यानंतर.

सुरुवातीला जवळ काय हवं

- फोनचा पिन किंवा पॅटर्न, आणि गूगल खातं किंवा ॲपल अकाउंट (जुनं नाव ॲपल आयडी) व त्याचा पासवर्ड
- निदान अर्धा चार्ज आणि वायफाय
- आत्ताच्या होम स्क्रीनच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट. काही बिघडलं तर जुनी मांडणी यावरूनच परत लावता येते
- व्हॉट्सॲपचा ताजा बॅकअप. का, ते पाचव्या पायरीत येईल
- दुसऱ्याचा फोन लावून देत असाल तर तो माणूस शेजारी बसलेला हवा. त्याच्यामागे फोन लावून ठेवलात तर दुसऱ्या दिवशी तुम्हालाच फोन येणार

## १. आधी दोन मुख्य पद्धती ओळखा

पहिली पद्धत 'सगळं समोर'. २००७ सालच्या पहिल्या आयफोनपासून ही चालत आली आहे. फोनमधलं प्रत्येक ॲप होम स्क्रीनच्या कुठल्या ना कुठल्या पानावर असतंच. शाओमीच्या फोनवरही कित्येक वर्षं हीच रीत होती. फायदा स्पष्ट आहे: शोधायची जागा एकच. पान उलटत गेलं की ॲप सापडतंच. तोटा असा की ॲप्स साठच्या वर गेली की चार-पाच पानं होतात आणि नवं ॲप घेतलं की ते शेवटच्या पानाच्या टोकाला जाऊन बसतं.

दुसरी पद्धत ॲप ड्रॉवरची. २००८ मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनपासून ती आहे. होम स्क्रीनवर आपण निवडलेले मोजके आयकॉन, आणि बाकी सगळी ॲप्स मागच्या कप्प्यात. बोट खालून वर सरकवलं की कप्पा उघडतो. सॅमसंग, मोटोरोला, पिक्सेल यांच्यावर ही मांडणी आयती मिळते. स्क्रीन मोकळी राहते, नवं ॲप आलं तरी गर्दी होत नाही. पण दोन जागा लक्षात ठेवाव्या लागतात, आणि ज्याला कप्पा आहे हेच माहीत नाही त्याला ॲप हरवल्यासारखं वाटतं.

आता दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकल्या आहेत. आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ (आयओएस ही आयफोनची प्रणाली) पासून शेवटच्या पानापलीकडे 'ॲप लायब्ररी', म्हणजे सगळ्या ॲप्सचा कप्पा, आहे आणि होम स्क्रीनवर विजेट, म्हणजे ॲप न उघडता माहिती दाखवणाऱ्या चौकटी, ठेवता येतात. त्यामुळे आयफोनवाल्यांनाही पानं रिकामी ठेवायची मुभा मिळाली. अँड्रॉइडवर बऱ्याच कंपन्या दोन्ही पर्याय देतात:

- सॅमसंग: सेटिंग्ज, मग होम स्क्रीन, मग होम स्क्रीन लेआउट. 'होम स्क्रीन ओन्ली' म्हणजे सगळं समोर
- शाओमी, रेडमी, पोको: सेटिंग्जमध्ये होम स्क्रीन. 'क्लासिक' म्हणजे सगळं समोर, 'विथ ॲप ड्रॉवर' म्हणजे कप्प्यासह
- ओप्पो, रियलमी, वनप्लस: होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये 'स्टँडर्ड' आणि 'ड्रॉवर' असे दोन मोड

आवृत्तीनुसार नावं थोडी इकडेतिकडे होतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत 'होम' लिहा, पर्याय पुढे येईल.

माझं मत: ज्यांच्या फोनात तीसेक ॲप्स आहेत आणि जे नवी फारशी घेत नाहीत, त्यांनी सगळं समोर ठेवावं. ज्यांच्याकडे बँका, शाळा, प्रवास, खरेदी, ऑफिस सगळ्याची ॲप्स आहेत, त्यांच्यासाठी कप्पाच बरा. ज्येष्ठांसाठी हे दोन्ही नाही. त्यांच्यासाठी सातवी पायरी आहे.

## २. खालची बटणं की इशारे, हे आत्ताच ठरवा

लोक याला होम स्क्रीनचा भाग समजत नाहीत, पण निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून मागे, होम आणि अलीकडची ॲप्स ही तिन्ही कामं बोटाच्या इशाऱ्यांनी करता येतात, आणि बऱ्याच नव्या फोनांवर तेच चालू करून मिळतं.

कप्प्याची पद्धत आणि इशारे एकत्र आले की गडबड अशी होते: स्क्रीनच्या मधून बोट वर सरकवलं तर कप्पा उघडतो, अगदी खालच्या काठापासून सरकवलं तर होमवर जातो, आणि काठापासून सरकवून मध्येच थांबलं तर अलीकडची ॲप्स येतात. हाताला सवय असेल तर हे सहज जमतं. बोटं जरा जाड असतील, कापरी असतील किंवा फोनला जाड कव्हर असेल तर दर वेळी वेगळंच काहीतरी उघडतं आणि माणूस म्हणतो, 'फोन बिघडलाय.'

सेटिंग्जमध्ये 'नेव्हिगेशन' शोधा आणि तीन बटणांचा पर्याय निवडा. स्क्रीनची एक पट्टी जाते खरी, पण मागे जायची खूण कायम डोळ्यांसमोर राहते. तरुणांनी इशारे खुशाल वापरावेत. पन्नाशीपुढच्या, नव्यानेच स्मार्टफोन घेतलेल्या माणसाला मी बटणंच लावून देतो.

## ३. पहिलं पान: अंगठा पोचेल तिथे कामाची ॲप्स

साडेसहा इंची फोन एका हातात धरा आणि अंगठा फिरवून बघा. खालचा अर्धा भाग आरामात मिळतो, वरचा कोपरा मिळत नाही; तिथे पोचायचं तर पकड सैल करावी लागते आणि फोन तिथेच निसटतो. लोकलमध्ये एका हाताने दांडा धरून उभ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून पहिल्या पानाची वाटणी अशी करा:

- सगळ्यात खालचा पट्टा, म्हणजे डॉक: हा प्रत्येक पानावर तसाच राहतो. इथे फोन, मेसेजिंग, कॅमेरा आणि तुम्ही पैसे देता ते ॲप. ब्राउझर इथे आयता बसवलेला असतो. वापरत नसाल तर काढा
- त्याच्या वरच्या दोन ओळी: दिवसातून दोन-तीनदा तरी उघडता अशी ॲप्स. मुंबईकर असाल तर एम-इंडिकेटर (लोकलच्या वेळा सांगणारं ॲप) आणि तिकिटाचं ॲप, दुकान असेल तर हिशेबाचं ॲप
- वरचा भाग: बघायच्या गोष्टी. घड्याळ, हवामान, कॅलेंडर. तिथे बोट लावायचं नाही, फक्त नजर टाकायची

आयफोनवर २०२४ च्या आयओएस १८ आधी आयकॉन वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सलग भरत यायचे. वरची जागा रिकामी सोडून खाली ठेवायची सोयच नव्हती. आता ती आहे. आयकॉन दाबून धरा, हलायला लागले की हव्या त्या जागी नेऊन सोडा.

स्वयंपाकघरात मीठ-साखरेचे डबे एकदा ठरलेल्या जागी बसले की बघायची गरज उरत नाही, तसंच इथेही होतं. म्हणून मांडणी ठरवायला हवा तेवढा वेळ घ्या, पण एकदा ठरली की महिना-दोन महिने हलवू नका.

याच कारणासाठी 'सुचवलेली ॲप्स' ही सोय मी पहिल्यांदा बंद करतो. फोन तुमची वेळ आणि सवय बघून डॉकमध्ये किंवा कप्प्याच्या वरच्या ओळीत ॲप्स बदलत राहतो. कधी अंदाज बरोबर येतो, पण आयकॉनची जागा रोज बदलते आणि अंगठ्याला सवयच लागत नाही. काल जिथे कॅमेरा होता तिथे आज भलतंच उघडतं. होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये 'सजेशन्स' नावाचा पर्याय बघा.

आणखी एक उपयोगाची गोष्ट: आयकॉन उघडण्याऐवजी नुसता दाबून धरला की छोटी यादी येते. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये तिथे स्कॅनचा पर्याय सापडतो, नकाशात घरचा रस्ता. अँड्रॉइडवर ती ओळ तशीच ओढून होम स्क्रीनवर ठेवता येते. किराणा दुकानाच्या रांगेत थेट स्कॅनर उघडला की वेळ वाचतो.

## ४. फोल्डर आणि विजेट, पण मापात

फोल्डरमुळे पान आवरलेलं दिसतं, पण प्रत्येक ॲपला एक टिचकी वाढते आणि फोल्डरमधले आयकॉन इतके बारीक दिसतात की चष्मा लागतो. त्यामुळे रोजचं ॲप कधीच फोल्डरमध्ये टाकू नका. फोल्डर महिन्यातून एकदा लागणाऱ्यांसाठी: वीजबिल, गॅस, विमा, डिजिलॉकर. नाव मराठीत आणि कामाचं द्या. 'बिलं', 'प्रवास', 'कागदपत्रं' अशी नावं दिली की घरातल्या दुसऱ्या कुणालाही ते सापडतं. 'युटिलिटीज' नावाच्या फोल्डरमध्ये काय असेल, हे आईला कळायचं कारण नाही.

विजेटचं आकर्षण मोठं असतं. अँड्रॉइडवर ते अगदी सुरुवातीच्या काळापासून आहेत. हवामान, आजच्या भेटी, खरेदीची यादी, यांचे विजेट खरोखर उपयोगी आहेत, कारण ॲप न उघडता उत्तर मिळतं. बातम्या, शेअर बाजार, क्रिकेटचा स्कोअर यांचे विजेट सतत ताजे होत राहतात; त्यात डेटा आणि थोडी बॅटरी जाते, आणि कमी रॅमचा फोन होमवर परत येताना अडखळतो. दोन-तीन विजेटच्या पुढे जाऊ नका.

दोन सापळे इथे आहेत. मेल, नोट्स किंवा फोटोंचे विजेट शेजारी बसलेल्यालाही दिसतात. फोन मुलांच्या हातात देत असाल किंवा दुकानात काउंटरवर ठेवत असाल तर ते नकोत. दुसरं, आयफोनवरचा 'स्मार्ट स्टॅक' एकावर एक विजेट ठेवतो आणि स्वतःच फिरवत राहतो. तो दाबून धरून 'एडिट स्टॅक'मध्ये 'स्मार्ट रोटेट' बंद केलं की तो तुम्ही फिरवाल तेव्हाच फिरतो.

## ५. 'काढणे' आणि 'पुसणे' यातला फरक

ही पायरी घाईत वाचू नका.

कप्प्याच्या पद्धतीत आयकॉन दाबून धरला की दोन पर्याय येतात. 'रिमूव्ह' म्हणजे फक्त होम स्क्रीनवरून जाणं. ॲप कप्प्यात सुखरूप राहतं. 'अनइन्स्टॉल' म्हणजे ॲपच फोनमधून जाणं. आयफोनवरही 'रिमूव्ह फ्रॉम होम स्क्रीन' आणि 'डिलीट ॲप' असे दोन पर्याय एकाखाली एक येतात.

'सगळं समोर' पद्धतीच्या अँड्रॉइड फोनवर मात्र मागे कप्पाच नाही. तिथे आयकॉन काढला की ॲपच जातं. एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत आलेली माणसं इथे हमखास फसतात. व्हॉट्सॲप असं गेलं आणि बॅकअप नसेल तर जुन्या गप्पा आणि त्यातले निरोप परत मिळत नाहीत. पैशांच्या ॲपचं पुन्हा सिमवरून पडताळणी, पुन्हा बँक जोडणं सुरू होतं.

उपाय सोपा आहे. मांडणी पक्की झाली की तिला कुलूप लावा. सॅमसंग आणि शाओमीच्या होम स्क्रीन सेटिंग्जमध्ये 'लॉक होम स्क्रीन लेआउट' आहे. तो चालू केला की खिशात किंवा लहान मुलाच्या हातात आयकॉन हलत नाहीत. आयफोनवर मांडणीला कुलूप नाही, पण 'स्क्रीन टाइम'मधल्या निर्बंधांत ॲप्स पुसायला मनाई करता येते. नातवंडं फोन हाताळत असतील तर हे आजच करा.

## ६. रंग आणि थीम: सुंदर दिसतं, पण ओळख जाते

अँड्रॉइडवर 'थीम्ड आयकॉन' आणि आयफोनवर आयओएस १८ पासून 'टिंटेड आयकॉन' आले. सगळे आयकॉन वॉलपेपरच्या एकाच रंगछटेत जातात. स्क्रीनशॉटमध्ये फार छान दिसतं.

पण लोक आयकॉन वाचत नाहीत, रंगाने ओळखतात. 'ते जांभळं उघड', 'हिरव्यावर दाब' असंच घरोघरी बोललं जातं. जांभळं म्हणजे फोनपे, हिरवं म्हणजे व्हॉट्सॲप, लाल म्हणजे यूट्यूब. सगळं एकाच राखाडी-निळ्यात गेलं की ती खूण पुसली जाते आणि प्रत्येक वेळी चित्राचा आकार नीट बघावा लागतो. गूगलने २०२० मध्ये मेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट यांच्या चिन्हांना तेच चार रंग दिले, तेव्हा एरवी सराईत असलेली माणसंही चुकीच्या ॲपवर टिचकी मारू लागली होती. दृष्टी कमी असलेल्यांसाठी तर मूळ रंगच ठेवा.

आयफोनवर 'लार्ज' आयकॉन निवडलात तर खालची नावं जातात, हे आधी माहीत असू द्या. आयकॉन मोठे होतात, पण ज्याला नाव वाचून ओळखायची सवय आहे त्याची अडचण होते.

वॉलपेपर साधा, गडद आणि वरच्या भागात गर्दी नसलेला घ्या. नातवाचा फोटो लॉक स्क्रीनवर लावा. होम स्क्रीनवर लावला तर त्याच्या चेहऱ्यावर आयकॉन येतात आणि आयकॉनही नीट दिसत नाहीत. ॲमोलेड पडद्याच्या फोनवर काळा भाग उजळत नाही, म्हणून काळ्या वॉलपेपरने थोडी बॅटरी वाचते. एलसीडी पडद्यावर काही फरक पडत नाही.

## ७. आई-बाबा, आजी-आजोबांचा फोन

सॅमसंगवर 'इझी मोड' डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये आहे: मोठे आयकॉन, मोठी अक्षरं, आणि दाबून धरायचा वेळ लांबवलेला, म्हणजे बोट जरा रेंगाळलं तरी भलतं काही होत नाही. शाओमीवर 'लाइट मोड', ओप्पो-रियलमीवर 'सिंपल मोड' अशा सोयी आहेत. आयफोनवर २०२३ च्या आयओएस १७ पासून सेटिंग्जमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी' या भागात 'असिस्टिव्ह ॲक्सेस' आहे; त्यात मोजकीच ॲप्स मोठ्या चौकटीत दिसतात आणि बाहेर पडायला पासकोड लागतो.

यातला तोटाही सांगतो. असिस्टिव्ह ॲक्सेस फार आवळलेला आहे. जी ॲप्स त्यासाठी बनलेली नाहीत ती लहान चौकटीत उघडतात. जे आजोबा स्वतः मोबाइलवरून पैसे भरतात, रेल्वेचं तिकीट काढतात, त्यांना तो जाचक होईल. त्यांच्यासाठी नेहमीची स्क्रीन ठेवून फक्त अक्षरं मोठी करा, एकच पान ठेवा आणि कुलूप लावा.

अँड्रॉइडवर घरच्यांच्या नंबरांचे फोटोसह थेट डायल करणारे आयकॉन लावता येतात. विजेटच्या यादीत 'कॉन्टॅक्ट्स' किंवा 'डायरेक्ट डायल' बघा. मुलगा, सून, डॉक्टर, शेजारी, एवढे चार पुरे. ते डॉकच्या अगदी वर नको, नाहीतर चुकून बोट लागून फोन जातात. एक ओळ मोकळी सोडा.

फोनची भाषा मराठी करावी का, हे त्यांनाच विचारा. ज्यांना 'कॅमेरा', 'सेटिंग्ज' देवनागरीत वाचायला आवडतं त्यांना मोठा आधार मिळतो. पण जे आधीच इंग्रजी शब्दांच्या आकारावरून ओळखायला शिकलेत, त्यांना एकदम बदल दिला तर ते बावचळतात. अँड्रॉइड १३ पासून एखाद्याच ॲपची भाषा बदलता येते, तिथून सुरुवात करून बघा.

## ८. बाहेरचा लाँचर घ्यायचा का?

अँड्रॉइडवर होम स्क्रीन चालवणाऱ्या ॲपला लाँचर म्हणतात, आणि तो बदलता येतो. आयफोनवर ही सोय नाही. नायगरासारखा लाँचर आयकॉनच्या जाळीऐवजी नावांची एक उभी यादी देतो आणि कडेला अंगठा फिरवला की अक्षरानुसार ॲप मिळतं; फोनकडे कमी बघायचं आहे अशांना तो मानवतो. मायक्रोसॉफ्टचा लाँचर ऑफिसच्या कॅलेंडरवाल्यांना बरा.

घेण्याआधी हे तपासा:

- फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट ॲप बसवणारी फाइल), मग ती लग्नपत्रिका म्हणून येवो, वाहनाच्या चलनाची असो की 'नवी थीम' असो, उघडू नका. त्यातून बँकेचे पैसे जातात
- 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागितली तर थांबा. दोनदा टिचकी मारून स्क्रीन बंद करण्यासारख्या सोयींसाठी चांगले लाँचरही ती मागतात, पण त्या परवानगीने ॲपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं. ती न देताही लाँचर चालतो
- ॲपचं शेवटचं अपडेट कधी आलं ते बघा. लाँचर विकले जातात, बंद पडतात. नोव्हा हा एके काळचा सर्वांत नावाजलेला लाँचर २०२२ मध्ये ब्रँच या कंपनीकडे गेला
- काही कंपन्यांच्या फोनवर बाहेरचा लाँचर लावला की इशाऱ्यांचं नेव्हिगेशन बंद पडतं किंवा अडखळतं

परत जुन्यावर यायचं असेल तर सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स, होम ॲप. हा रस्ता आधीच लिहून ठेवा.

## ९. लपवलेली ॲप्स आणि आयत्या जाहिराती

आयओएस १८ मध्ये ॲप लपवता आणि कुलूपबंद करता येतं, अँड्रॉइड १५ मध्ये 'प्रायव्हेट स्पेस' आहे, सॅमसंगवर 'सिक्युअर फोल्डर'. आयफोनवर लपवलेल्या ॲपच्या सूचना येत नाहीत. म्हणून बँकेचं ॲप लपवू नका, नाहीतर खात्यातून पैसे गेल्याची सूचना वेळेवर कळणार नाही. त्याला नुसतं कुलूप लावा.

स्वस्त फोनांवर 'हॉट ॲप्स' सारखी फोल्डरं, डावीकडच्या पानावर बातम्या आणि लॉक स्क्रीनवर बदलती चित्रं येतात. फोल्डर दाबून धरून त्यातल्या शिफारशी बंद करा, डावीकडचं पान होम स्क्रीनच्या सेटिंग्जमधून काढा, आणि 'नवी ॲप्स होम स्क्रीनवर आणा' हा पर्यायही बंद ठेवा.

## १०. शेवटी पुन्हा स्क्रीनशॉट

मांडणी जमली की प्रत्येक पानाचा नवा स्क्रीनशॉट काढून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर पाठवून ठेवा. त्याच कंपनीचा फोन घेतलात तर सॅमसंगचं स्मार्ट स्विच (जुन्या फोनमधलं सगळं नव्यात नेणारं ॲप) किंवा आयफोनचा बॅकअप मांडणी बऱ्यापैकी जशीच्या तशी आणतो. कंपनी बदलली की ती हातानेच लावावी लागते, आणि बाहेरच्या लाँचरचा बॅकअप त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून वेगळा घ्यावा लागतो. जुना फोन विकायला देण्याआधी ती फाइल काढून घ्या.